तिसरी चादर

दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात मी नर्स आहे, मूळची लातूरची. तेव्हा बाळंतिणींच्या वॉर्डात छत्तीस खाटा होत्या आणि दुपारच्या पाळीला आम्ही दोघी. एकदा वरून आदेश आला, की नर्स कमी असल्यामुळे आहेत त्यांचं कौशल्य वाढवायचं आहे, तरी प्रत्येक वॉर्डातून एकीने प्रशिक्षणाला यावं. माझी जोडीदारीण गेली. वॉर्डात मी उरले.

चारच्या सुमारास मी एकीला बाळाला पाजायला शिकवत होते. साफसफाई करणारी आया मागे येऊन उभी राहिली. पन्नाशीची, बिहारकडची, शाळेची पायरी न चढलेली.

“सिस्टर, ग्यारह नंबर की चादर.”

“बदल दो ना, दीदी.”

“तीन बार बदली. एक घंटे में.”

मी धावले. अकरा नंबरची पांढरीफटक पडली होती. “नींद आ रही है,” म्हणाली. रक्त थांबत नव्हतं. गर्भाशय आकसावं म्हणून मी तिचं पोट दाबून चोळत राहिले आणि दीदींना डॉक्टरांकडे पिटाळलं. डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या. दीदी चपलांसकट आत घुसल्या.

इंजेक्शनं झाली, दोन पिशव्या रक्त चढलं, बाई वाचली. त्यानंतर मी उगाचच चादरींच्या घड्या घालत बसले.

चपलांबद्दल दीदींना मेमो मिळाला.

पुढच्या प्रशिक्षणाला त्यांना पाठवा, असा अर्ज घेऊन मी ऑफिसात गेले. साहेबांनी तो दोनदा वाचला.

“आया का ट्रेनिंग नियम में नहीं है.”

“और मेमो?”

“वो अलग फाइल है.”

मग चहाच्या वेळेत मीच शिकवायला लागले. नाडी कुठे लागते, भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पूर्ण फिरेपर्यंत ठोके कसे मोजायचे, पोट कडक लागायला हवं म्हणजे किती. महिनाभरात त्यांचा हात माझ्याइतका बसला. मला जरा वाईट वाटलं.

आता नवी नर्स आली, की पहिल्या दिवशी मी तिला दीदींबरोबर फिरवते. परवा एका मराठी मुलीने विचारलं, “मॅडम, यांचं पद काय?”

“ते विचारू नकोस,” मी म्हटलं. “त्या ज्या खाटेपाशी थांबतील, तिथे थांब.”