डोक्यावरचं पांढरं

सिस्टर बोलायच्या तेव्हा निम्म्या वेळा त्यांच्या ओठांत टाचण्या असत. सकाळी दवाखान्याचं दार उघडता उघडता त्या डोक्यावर पांढरा वेल, म्हणजे ननचं डोईवरचं वस्त्र, टाचायच्या आणि टाचण्या तोंडात धरूनच पहिल्या पेशंटला "काय होतंय?" विचारायच्या. येलदरीजवळच्या त्या लहानशा दवाखान्यात मी केसपेपर लिहायची. त्या केरळच्या, पण मराठी पेशंटांकडून शिकलेल्या. त्यांचं 'लय' आमच्यापेक्षाही लांब निघे.

वैशाखातही वेल उतरत नसे. बाया विचारायच्या, "सिस्टर, आत टक्कल हाय का व्हय?"

"टक्कल न्हाई. हा माझा बोर्ड हाय," त्या हसून म्हणायच्या. "लांबून दिसतो, वाचावा लागत न्हाई."

खरंच होतं ते. वस्त्यांवर त्यांचा चेहरा कुणी नीट पाहतच नसे. पांढरं दिसलं की अंगणात बाज पडायची.

मग एकदा बसमध्ये काही पोरांनी त्या वेलावरून त्यांना घेरलं, नाही नाही ते बोलले. कॉन्व्हेंटच्या वरिष्ठांनी काळजीपोटी निरोप धाडला: बाहेर जाताना साधी साडी नेसा, डोकं मोकळं ठेवा. सिस्टरांनी वेल काढून ठेवला. आरशासमोर पिकल्या केसांवर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, "ही बाई कोण, मलाच कळंना."

त्याच सुमारास मोबाईलवर मुलं पळवणाऱ्या बायकांची अफवा फिरायली होती. एका दुपारी लांबच्या वस्तीवरून बाळंतिणीचा फोन आला, बाळ दूध ओढत नव्हतं. सिस्टर एकट्याच स्कूटीवर निघाल्या. वस्तीत शिरून त्यांनी तान्ह्या बाळाचं घर विचारलं आणि माणसं गोळा झाली.

"मी सिस्टर हाय. दवाखान्यातली."

"सिस्टर हायेस तर डोक्यावरचं कुठाय?"

त्यांना पारावर बसवून ठेवलं. बॅग काढून घेतली. ओळखीचं कुणी असेल तर बोलव म्हणाले, तेव्हा त्यांनी मला फोन केला. "वेल घेऊन ये. लवकर. बाळ आत हाय, मला सोडंनात."

मी रिक्षा करून पोचले. वेल त्यांच्या डोक्यावर टाकून टाचण्या मीच लावल्या. गर्दीतून बाळाची आजी पुढं आली. "अगं माय, ह्या तर सिस्टर!" लगेच वाट मोकळी झाली.

आत बाळ आईच्या मांडीवर गार पडलं होतं. तिनं मान वर केली. "लय येळ लावला, सिस्टर."

बाहेर काय झालं ते सिस्टरांनी तिला सांगितलं नाही. मलाही सांगू दिलं नाही.

पुढं त्या वेल घालूनच फिरल्या, पण त्या वस्तीतलं कुणी दवाखान्याकडं फिरकलं नाही. हळूहळू बाकीच्या वस्त्यांवरचेही पेशंट रोडावले. पावसाळा सरला आणि दवाखान्याला कुलूप लागलं. सिस्टर केरळला परत गेल्या. तिथून त्यांचा एकदाच फोन आला.

"त्या बाळाचं नाव काय होतं? प्रार्थनेत घ्यायचंय."

मी वस्तीवर जाऊन आजीला विचारलं. ती उंबऱ्यातच बसून होती. "बारसं झालंच न्हाई, बाई."

सिस्टरांना तसंच कळवलं. त्या "बरं" म्हणाल्या. त्यानंतर मी लावलेला एकही फोन त्यांनी उचलला नाही.