रेहल घेऊन आलेली सून

हदगावच्या बसस्टँडवर दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी ट्रंक परत उघडायला लावली. लग्न झालं होतं, मांडवपरतणी झाली होती आणि आता मी लातूरला कायमची राहायला निघाले होते. प्रत्येक कामाची यादी करायची सवय मला तेव्हापासूनची. साड्या, स्टोव्ह, पितळी डबे, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची पुस्तकं, सगळं यादीप्रमाणे भरलं होतं. दादांनी पिशवीतून आमच्या घरातली रेहल, पुस्तक ठेवायची लाकडी घडवंची, काढून पुस्तकांवर ठेवली. झाकण लागेना. शेवटी रेहल मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसले.

"पाठ ताठ ठेवून वाच, माय," खिडकीशी उभे राहून ते म्हणाले. "मान मोडून वाचलेलं डोक्यात ऱ्हात न्हाई."

दादा प्राथमिक शाळेत गुरुजी होते. ती रेहल त्यांनी गावातल्या एका मुसलमान सुताराकडून करून घेतली होती. एकाच फळीतून कापलेली, तिला खिळा नाही की बिजागरी नाही. उघडली की फुलीसारखी उभी राहायची, मिटली की भिंतीला टेकवून ठेवता यायची. जमिनीवर मांडी घालून बसलं की पुस्तक बरोबर नजरेसमोर यायचं. पान उडू नये म्हणून मी दोन्ही बाजूंना दोरा बांधून घेतला होता, त्यामुळे हात मोकळे राहत. शेंगा फोडत, डाळ निवडत मी तिच्यावर बी.ए.ची दोन वर्षं बाहेरून काढली. शेवटचं वर्ष लग्नाच्या धावपळीत राहिलं. सासरच्यांशी बोलणं झालं होतं की दिवाळीआधीच्या परीक्षेला मी नांदेडला यायचं. जुन्या अभ्यासक्रमाची ती शेवटची संधी होती. ती हुकली तर पुन्हा पहिल्या वर्षापासून.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. आमच्या यजमानांना नव्या कचेरीत कारकुनाची जागा मिळाली होती. गल्लीतली अर्धी बिऱ्हाडं अशीच बाहेरून आलेली, कुणी औशाकडचं, कुणी उदगीरकडचं. आमचं सासर निलंग्याकडच्या एका खेड्यातलं. दोन खोल्यांत आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांचा मुलगा त्यांना अव्वा म्हणायचा, म्हणून गल्लीही अव्वाच म्हणायची.

मी सामान लावत असताना अव्वांनी रेहल पाहिली. हात पदराला पुसले, तिला कपाळ टेकवलं आणि दारात जाऊन शेजारच्या गंगाबाईला हाक मारली.

"आगं गंगे, ये की! सून रेहल घेऊन आलीय माझी!"

"मग?"

"मग काय? पोथीवाली हाय. घरात पुन्हा पोथी चालू व्हायची."

त्यांच्या गावाकडे सुनेनं माहेरून रेहल आणली म्हणजे ती पोथी वाचायचं व्रत घेऊन आली, असा अर्थ. सासरे होते तोवर ते रोज पोथी वाचायचे. ते गेल्यापासून ती फडक्यात बांधून फळीवर होती, कारण अव्वांना अक्षर येत नव्हतं आणि मुलगा पोथीला बसत नव्हता. मी सरळ सांगितलं की ही मी परीक्षेच्या अभ्यासासाठी आणलीय. अव्वा हसल्या. "कर की अभ्यास. कोण नको म्हनतंय? पोथी हाच अभ्यास."

सोमवारी दुपारी मी पोथी वाचली. त्या रात्री मी रेहलीवर इतिहासाचं पुस्तक ठेवायला गेले तर अव्वांनी हात धरला. पोथी टेकली त्या लाकडावर दुसरं काही ठेवायचं नाही. तेव्हापासून रेहल देव्हाऱ्यापाशी आणि माझी पुस्तकं तांदळाच्या पत्र्याच्या डब्यावर. डबा ठेंगणा. वाचताना मान खाली जायची, पुस्तक हातानं धरून ठेवावं लागायचं, एक हात गुंतला की निवडणं-टिपणं थांबायचं. काम थांबलं की अव्वा विचारायच्या, "बसलीस का नुसती?"

त्या वर्षी पावसाळा लागला तरी पाऊस आलाच नाही. नव्या कचेऱ्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि बांधकामाला पाणी नाही म्हणून अर्ध्यावर थांबत होत्या. टँकर यायचा त्या कोपऱ्यावर बायका रिकाम्या घागरींची रांग लावून घरी यायच्या. श्रावण कोरडा जायला लागला तेव्हा गल्लीतल्या बायका आमच्या ओट्यावर जमल्या. मी आत भाकरी थापत होते. भिंतीपलीकडून अव्वांचा आवाज आला.

"पाऊस पडंस्तोर रोज दुपारी पोथी. मधी खंड न्हाई. वाचणारी बदलायची न्हाई."

"सून वाचंल का रोज?" कुणीतरी विचारलं.

"वाचंल की. त्यासाठीच आलीय."

मला कुणी विचारलं नाही. तव्यावरची भाकरी मात्र मी उलटली, एवढं आठवतं.

मग रोज दुपारी रेहल उघडायची. खोलीत बायका दाटीवाटीनं बसायच्या, दाराशी, चुलीपाशी, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून. अध्याय संपेपर्यंत उठायचं नाही. पोथी संपली की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या अध्यायापासून. मी कॅलेंडरात परीक्षेच्या दिवसांवर खुणा केल्या आणि सुटकेचा एकेक मार्ग पाहिला. यजमानांना विचारलं, ते म्हणाले, "अव्वाला विचार." अव्वांना विचारलं, त्या रागावल्या नाहीत. मला जवळ बसवून म्हणाल्या, "निर्मले, तू मधीच उठलीस अन् पाऊस आला न्हाई, तर गल्ली कुनाला बोलंल? मला न्हाई बोलायची. तुला बोलंल. जलमभर."

हे खरंच होतं. म्हणून जास्त लागलं.

माझ्या मनात आणखी एक हिशेब होता. बायकांना महिन्याचे चार दिवस तरी पोथीला हात लावता येत नाही. पण आम्ही लिंगायत. आमच्यात तो विटाळ पाळत नाहीत. दादा ही गोष्ट शाळेत अभिमानानं सांगायचे. गंगाबाई मराठ्यांची. तिनं माझ्या मनातलं ओळखलं आणि घागर उचलता उचलता म्हणाली, "आमच्यात चार दिस बाजूला बसायला तरी मिळतं बाई. तुला तेबी न्हाई. लई मोठा धर्म हाय तुमचा!"

दोघी हसलो. मी नंतर मोरीत जाऊन रडले.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात दादा न्यायला आले. दुपारची वेळ, पोथी चालू. ते पायताण काढून दाराशी बसले आणि अध्याय संपेपर्यंत ऐकत राहिले. त्यांची रेहल, तिच्यावर पोथी, समोर मी. अध्याय संपल्यावर त्यांनी हात जोडले.

"शरणार्थ, विहीणबाई. ठरल्याप्रमाणं लेकीला न्यायला आलोय."

"न्या की. लेक तुमचीच हाय," अव्वा म्हणाल्या. "फकस्त पाऊस पडू द्या."

मागून गंगाबाई बोलली, "गुरुजी, तुमच्या हदगावात पडला आसंल तर थोडा हिकडं आणायचा व्हता की पिशवीत!"

बायका खो खो हसल्या. दादाही हसले. मग हळूच म्हणाले, "विहीणबाई, ती रेहल मी पोथीसाठी दिली नव्हती."

"मग कशापायी?" अव्वांनी विचारलं.

मी दादांकडे पाहत होते. एक वाक्य बोलायचं होतं. परीक्षेसाठी, एवढंच. पण समोर पंधरावीस बायका होत्या, बाहेर घागरींची कोरडी रांग होती आणि मला त्या घरात दिवस काढायचे होते. दादांनी हे सगळं पाहिलं. "वाचायलाच दिली होती," असं म्हणून त्यांनी पाण्याचा तांब्या मागितला, आणि पाणी कमी म्हणून अर्धाच प्याले.

संध्याकाळच्या बसनं ते एकटे परत गेले.

परीक्षा संपली आणि परतीचा पाऊस आला. गल्लीतल्या बायकांनी माझी ओटी भरली. मला वाटलं, सुटले. पण त्याच दिवसापासून सगळीकडे झालं की निर्मलाच्या वाचण्यानं पाऊस आला. पुढच्या वर्षी मृगात आभाळ कोरडं दिसलं तशा त्या पुन्हा ओट्यावर आल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही.

मी तोवर एक उपाय काढला होता. वाचणारी दुसरी तयार करायची. गंगाबाईला अक्षर शिकवायला घेतलं. बाई हुशार. आधी दुकानांच्या पाट्या वाचायला लागली, मग एसटीच्या पाट्या, मग वर्तमानपत्रातलं भविष्य. पोथी तर तिला ऐकून ऐकून निम्मी येत होती. मी तिला रेहलीसमोर बसवायला गेले तर ती चार पावलं मागं सरली.

"मला कशाला ढकलतीस? माझ्या वाचण्यानं यायचा का पाऊस? तू हायेस की!"

पुन्हा पहिल्या वर्षापासून बी.ए. करायचं माझ्यानं झालं नाही. मुलं झाली, अव्वांचं आजारपण झालं, घराचं काम निघालं. शेवटच्या वर्षाची पुस्तकं दादांना परत पाठवली. ती त्यांनी शाळेतल्या एका मुलीला देऊन टाकली आणि मला तसं कळवलं. त्या मुलीचा पुढे काय निकाल लागला, ते मी विचारलं नाही.

अव्वा गेल्या, दादाही गेले. आम्ही रिंग रोडच्या बाहेर घर बांधलं. इथे नळ आहे, बोअर आहे, दोन्ही उन्हाळ्यात आटतात. हदगावातल्या मैत्रिणी फोनवर विचारतात, आता कुठलं घर आपलं वाटतं? नांदेड जिल्हा सोडून पुण्याला, हैदराबादला गेलेल्याही विचारतात. मी नीट विचार करून सांगते, लातूरचं.

मागच्या दिवाळीत यजमान मुलांकडे गेले आणि मी हदगावला. भावजयीनं नवी चादर काढली, चहाला बिस्किटं ठेवली. तिसऱ्या दिवशी मी म्हणाले, उद्या निघते. भाऊ म्हणाला, "बरं. सकाळच्या गाडीला सोडतो." कुणी का म्हणून विचारलं नाही. त्या घरातून मी कोणत्याही क्षणी उठून चालू लागू शकते. लग्नानंतरच्या त्या वर्षांत ज्या मोकळेपणासाठी मी झुरले, तो तिथे आता मला फुकट मिळतो.

लातूरला परतल्यावर कुलूप काढायच्या आत रिक्षातून गंगाबाई उतरली. आता काठी लागते तिला. जुन्या गल्लीतून एवढ्या लांब आली होती. "चार दिस! सांगून जाता येत न्हाई?" ती फाटकातूनच ओरडली. "कुनाला इचारून गेली व्हतीस?"

मी दार उघडलं आणि तिला म्हणाले, "चुकलं. आत ये."