सरळ केलेली बटनं

आमचं कळमन्याच्या बाजारात धान्याच्या अडतीचं दुकान. घरच्या बायका तिथे वर्षातून एकदाच यायच्या, दसऱ्याला, पूजेचं ताट घेऊन. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला बाबांनी बाजारातल्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून कॉम्प्युटर घेतला. तो चालवायला माणूस मिळेना, तेव्हा कॉम्प्युटरचा वर्ग करून आलेली मी त्यांच्या कामी आले. "दसऱ्यापर्यंत पाहू," बाबा म्हणाले होते. जमलं तर मशीन राहणार, नाही तर खोक्यात घालून परत, आणि मशीनसोबत मीही घरी. मला घरी जायचं नव्हतं. पोळ्या लाटण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या हिरव्या अक्षरांसमोर बसलं की मला कोणी हाक मारत नसे, आणि हे सुख मला नवीन होतं.

दसऱ्याच्या सकाळी काटा, वजनं, तिजोरी, सगळं पुसणं सुरू झालं. कॉम्प्युटरच्या पेटीत तुरीचा भुसा शिरला होता. मी वायर काढली, स्क्रू सोडवून झाकण उघडलं आणि फुलं आणायला गेले. परत आले तेव्हा आई आतलं मऊ फडक्याने पुसत होती. पेटी लख्ख झाली होती. मी झाकण लावलं. आईने त्यावर कुंकवाने स्वस्तिक काढलं, झेंडू वाहिला.

संध्याकाळी शेजारचे अडते सोनं द्यायला आले. बाबांना त्यांना मशीन दाखवायचंच होतं. "लाव वं," ते म्हणाले. मी बटन दाबलं. पंखा घरघरला, एक लांब शिट्टी वाजली, मग दोन आखूड, आणि पडदा काळाच राहिला.

"उघडलं काहून तुनं?" बाबा सगळ्यांसमोर म्हणाले. "नवी वस्तू, झाली ना खराब! उद्या बांधा अन् वापस पाठवा."

"जाऊ द्या गा, आपलं जुनंच बरं," एका अडत्याने समजूत घातली. मला त्या माणसाचा इतका राग आला की आपट्याची पानं त्याच्या हातातून परत घ्यावीशी वाटली.

पण हात रिकामे ठेवून चालणार नव्हतं. पडद्याचा उजेड वाढवायची चकती फिरवून पाहिली. वायर काढून पुन्हा बसवली. तेच. मग मशीनसोबत आलेलं जाड इंग्रजी पुस्तक काढलं. शिट्ट्यांचा अर्थ त्यात दिला होता: मशीनला पडदा ओळखू येत नाही. कोणता पडदा जोडला आहे, हे पेटीच्या आतल्या इवल्या पांढऱ्या बटनांच्या ओळीने सांगायचं असतं. काही बटनं वर, काही खाली. शेजारी चित्रही होतं.

मी झाकण काढलं. सगळी बटनं एकाच बाजूला, एका रांगेत.

आमच्या घरी फळीवरचे डबे, दारातल्या चपला, उन्हातले पापड असेच रांगेत असतात. मी मान वर केली नाही. केसातली पिन काढून चित्र पाहत एकेक बटन जागेवर आणलं, वायर लावली. हिरवी अक्षरं उमटली आणि अडत्यांनी वाहवा केली.

"काय झालं होतं?" बाबांनी विचारलं.

"धूळ गेली होती," मी म्हणाले.

"धूळ नव्हती." आई ताटाजवळून उठली. दुकानात तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "मीनं बटनं सरळ केले होते. वाकडेतिकडे दिसून राहिले होते. पोरीनं काही केलं नाही. तिले उद्या येऊ द्या."

अडते हातातली आपट्याची पानं उलटसुलट करत बसले. बाबा पडद्याकडे पाहतच म्हणाले, "सकाळी लवकर येजो."

घरी जाताना रिक्षात आई रिकामं ताट मांडीवर घेऊन बसली होती. मी इतकी खूश होते की तिच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

"ते बंद पडलं ना," ती म्हणाली, "तवा मले बरं वाटलं होतं. म्हटलं, आता तू घरी राहशील माझ्याजवळ."

मी विचारलं, "मग सांगितलं काहून?"

तिने ताटातला एक झेंडू उचलून उगाच सरळ ठेवला.

"माझ्यापायी तू धूळ म्हणाली ना," ती म्हणाली.