ट्रेमधले पऱ्हे

रोवणीच्या मशीनवर चढताना वहिनी चपला बांधावर काढून ठेवत. बघणाऱ्याला वाटे, मशीनला देवच मानतात. कोणी तसे बोलून दाखवले, तर म्हणत, "देव कायचा! चपलीतून क्लच समजत नाई पायाले." ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावात बायकांच्या बचत गटाने धान रोवायची मशीन आणली, तेव्हा माझ्या या थोरल्या वहिनी गटाच्या अध्यक्ष होत्या. तोवर त्यांनी सायकलही चालवली नव्हती.

नव्या गोष्टीत आधी स्वतः उतरायचे, हा त्यांचा स्वभाव. पहिल्या वर्षी मशीन फक्त आमच्याच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चालवली. "बिघडलं तं माहं बिघडन." रोवणी सरळ आली, धानही चांगले झाले. मग पुढच्या वर्षी त्यांनी घरोघर जाऊन सांगितले की मशीनला ट्रेमध्ये वाढवलेले कोवळे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, लागतात, वाफ्यातले जुन्या पद्धतीचे पऱ्हे आता टाकू नका. "दोनी टाकान तं बियानं वाया जाईन. माह्यावर भरोसा ठेवा." बायकांनी ठेवला. त्या वर्षीही सुरुवात आमच्याच बांधीतून झाली, त्याच कारणाने.

दुसरी बांधी शेवंताची. शेवंता विधवा, गटात सर्वांत कमी शेती तिची. तिथे अर्ध्यावर मशीन थांबली आणि छोट्या पडद्यावर बिघाडाचा एक आकडा लुकलुकू लागला. नागपूरहून कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, सील तोडू नका, आम्ही येऊ. वहिनींनी वाट पाहिली. ट्रेमधले पऱ्हे वाढत होते, आणि फार वाढले की ते मशीनच्या चिमट्यांत बसत नाहीत. शेवटी त्यांनी ब्रह्मपुरीचा मिस्त्री बोलावला आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने सील तोडले. आत उंदराने कुरतडलेली वायर निघाली. मिस्त्रीने ती जोडली, तरी मशीन हलेना. तो आकडा कंपनीच्या कॉम्प्युटरनेच पुसला जातो म्हणे.

"जखम भरली," वहिनी म्हणाल्या, "पन डाक्टरनं सही केल्याबिगर उठाचं नाई."

"तं सही आनाले पाठवा न कोनाले, अध्यक्षबाई," शेवंता बांधावरून म्हणाली. "पऱ्हे काई थांबून नाई राह्यले."

बायकांनी ते पऱ्हे हाताने रोवले. मशीनला मोठे झालेले ते पऱ्हे हातरोवणीला मात्र इवलेसे होते, खोल पाण्यात बुडाले, कुजले. पुढे कंपनीचा माणूस आला. त्याच्यापुढे ठेवलेला चहा निवायच्या आत त्याने आकडा पुसला, आणि सील तुटल्यामुळे यापुढे फुकट दुरुस्ती नाही, असे सांगून गेला. तोवर कोणाच्याच ट्रेमधले पऱ्हे रोवण्याजोगे राहिले नव्हते. आमची बांधी हिरवी होती. शेवंताच्या अर्ध्या बांधीत नुसते पाणी.

धान कापून झाल्यावर शेवंता मजुरीने मिरची तोडायला तेलंगणात निघाली. वहिनी पिशवी घेऊन त्याच जीपमध्ये बसल्या. मी म्हटले, "वहिनी, आपल्या घरी धान हाये. तुमी काऊन जाता?"

"हाये म्हनूनच जातो."

"सरका वं," शेवंता बाकीच्यांना म्हणाली, "अध्यक्षबाईले बसू द्या. तिथी मशीन नाई बाप्पा, हातानंच तोडा लागते." जीपमध्ये हशा पिकला. वहिनीही हसल्या, पण माझ्याकडे पाहिले नाही.

शेतीच्या यंत्रांना दुरुस्तीचा हक्क मिळावा अशी चर्चा दिल्लीत चालली आहे, असे मी पेपरात वाचले. वहिनी तेलंगणातून परत आल्यावर त्यांना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "म्हन्जे तो आकडा पुसाचं आपल्या मिस्त्रीच्या हाती येईन का? तेवढं पाहून सांगा." मी बातमी पुन्हा वाचली. तेवढे तिच्यात नव्हते.

गटाने मशीन विकायचे ठरवले. वैनगंगेपलीकडच्या एका गटाच्या बायका बघायला आल्या. वहिनींनी मशीन चालवून दाखवली. सौदा जमत आला, तेव्हा त्याच म्हणाल्या, "चालते झकास. पन अडली तं आपल्या हातात काई नाई. ट्रे टाकान, तं बाजूले वाफ्यातबी पऱ्हे टाकून ठेवजा." त्या बायका विचार करून कळवतो म्हणाल्या आणि गेल्या. कळवले नाही.

"सांगतलं नसतं तं काई बिघडत होतं का?" शेवंता चिडली.

"तिथीबी एखादी शेवंता असनच," वहिनी म्हणाल्या.

पुढे त्या लेकीकडे गडचांदूरला राहायला गेल्या. मशीन आमच्या मांडवात उभी आहे, चालू स्थितीत. अजूनही कोणी ती विकत घ्यायची म्हणून विचारायला येते. येणाऱ्याला ही सगळी हकीकत आता शेवंता सांगते.