गुरुजींचा आशिया

पालीच्या स्टँडवर मी एसटीची वाट बघत होते. ओळखीच्या कंडक्टरने खिडकीतूनच सांगितलं, "बाई, तुमचे भिकाजी गुरुजी गेले हो, काल दुपारी." माझ्या पिशवीत त्यांच्यासाठी घेतलेली आवळासुपारी होती, गाडी लागू नये म्हणून. मे महिन्यात त्यांना घाट चढवून न्यायचं ठरलं होतं... सात वर्षं नुसतं ठरतच होतं.

एक्याऐंशी साली मी पालीजवळच्या त्या शाळेत नवी मास्तरीण म्हणून गेले, तेव्हा गुरुजी अंगणात उकिडवे बसून आशिया खंड रचत होते. दर दिवाळीनंतर सातवीच्या मुलांकडून ते तो करून घेत आणि पावसाळ्यात तो वाहून जाई. सड्यावरच्या तांबड्या मातीचा हिमालय, त्यावर शिंपल्यांच्या चुन्याचं बर्फ, गोबीच्या वाळवंटाला भाताचा तूस. सैबेरियाचं मैदान पोरी शेणाने सारवत, तेव्हा गुरुजी म्हणत, "हळू गो, तिकडे थंडी आहे!" उतरत्या उन्हात ते डोळे अर्धे मिटून तिबेटच्या काठाशी बसले, की वाटे, हा माणूस आता शाळेत नाहीच. कुठेतरी लांब याक चारत बसलाय.

त्या वर्षी नकाशा पुरा झाला आणि गुरुजींनी आपल्या तांब्यातून तिबेटवर पाणी सोडलं. यांगत्से चीनकडे जायची सोडून सरळ इराणच्या दिशेने धावत सुटली! मुलांनी अख्ख्या खंडाला पश्चिमेकडे उतार दिला होता. मी चिडले, मोडून टाका म्हटलं. गुरुजी मात्र पोट धरधरून हसले. "बाई, यांची काय चूक? आपल्याकडे पाणी मावळतीलाच जातं. उगवतीला जाणारी नदी यांनी कधी बघितलीय? आणि मी तरी कुठे बघितलीय!"

मला खरंच वाटेना. शाळेसमोरून रोज कोल्हापूरची गाडी जायची, आणि आशिया शिकवणारा हा माणूस आंबा घाटाच्या वर कधी गेलाच नव्हता. गाडीत बसलं की घाटाखालच्या साखरप्याच्या आतच त्यांना ओकारी व्हायची. "एकदा माथ्यावर उभं राहून उलटं जाणारं पाणी बघायचंय," ते म्हणाले. मी ऐटीत म्हटलं, "मी नेते की!" मग माझं लग्न, मुलगी, परीक्षांचे पेपर... गुरुजींनी कधी आठवण करून दिली नाही. शेवटच्या भेटीत तेवढं म्हणाले, "बाई, यंदा जमेल ना?" त्या 'ना'ने मला अजून स्वतःचा राग येतो.

गेल्या रविवारी गुरुजींच्या घरी जाऊन त्यांच्या बायकोकडून, काकूंकडून, तो तांब्या मागून घेतला, त्यांच्याच विहिरीचं पाणी भरलं, तांब्याच्या तोंडाला फडकं बांधलं आणि आंबा घाटाच्या माथ्यावर उतरले. पहिली धार सोडली, ती माघारी पालीकडेच वळली. हसू आलं आणि रडूही. मग उतार बघत बघत बरीच पुढे चालत गेले आणि पुन्हा ओतलं. पाणी जरा थबकलं, मग पाचोळ्यातून वाट काढत उगवतीकडे निघालं.

"गुरुजी, निघालं हो!" मी मोठ्याने ओरडले. चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. तांब्या केव्हाच रिकामा झाला होता, तरी मी तो तसाच वाकडा धरून उभी होते.