कंबर नसलेला फ्रॉक

बुओना व्हिस्टाच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, ऑफिसआधी त्या रोज समोरच्या टेबलावर दिसायच्या. सत्तरीतल्या चिनी आँटी, पण कपडे थेट शंभर वर्षांपूर्वीचे: घंटेसारखी टोपी, सरळसोट फ्रॉक आणि पोटापर्यंत लोंबणारी मोत्यांची माळ. नूडल्सचं सूप आलं, की माळ भिरकावून पाठीवर टाकायच्या आणि मग निवांत भुरके मारायच्या.

मी फक्त काळी कॉफी घ्यायचे. माझ्या घट्ट ट्राउझर्समध्ये त्याहून जास्त काही मावायचंच नाही.

एकदा न राहवून विचारलं, "आँटी, रोज हीच फॅशन का?"

"आधी बायका कॉर्सेटच्या नाड्यांनी कंबर आवळून बसायच्या," त्या म्हणाल्या. "मग कुणा शहाणीने कंबरच नसलेला फ्रॉक शिवला. तेव्हापासून बायका पोटभर जेवायला लागल्या, लाह." हे "लाह" म्हणजे इथल्या बोलण्यातलं आपलं "बरं का".

मग माझ्या कॉफीकडे बघत म्हणाल्या, "तू अजून त्याच्या आधीच्या काळात आहेस."

दुसऱ्या दिवशी मी आईने पुण्याहून पाठवलेला ढगळ कुर्ता आणि ओढणी घालून गेले आणि सूप मागवलं. ओढणी पाठीवर भिरकावून पहिला भुरका मारला, तेव्हा आँटींनी मिरचीच्या चटणीची वाटी माझ्याकडे सरकवली.