हद्द ठरली की

माझ्या चुलत्यांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांचा एकुलता मुलगा सैन्यात होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो ताबारेषेवरच्या गस्तीत मारला गेला. पलीकडच्या उतारावर पडलेला त्याच्या सोबत्यांनी पाहिला, पण देह आला नाही.

दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यावा, असं घरात सगळ्यांचं मत पडलं. आबा ऐकेनात. आमच्या गावाखालून भीमा वाहते. अलीकडं दौंड तालुका, पलीकडं शिरूर. एकदा मधल्या वाळूत बुडालेला माणूस सापडला, तर दोन्हीकडचे पोलीस ‘आमची हद्द नाही’ म्हणत दिवसभर काठावर बसून राहिले. हद्द ठरली तेव्हा कुठं प्रेत उचललं. आबांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. पोराचंही तसंच अडलंय, अशी त्यांची पक्की समजूत.

मी तेव्हा पुण्यात वकिली शिकत होतो. सुट्टीत यवतला एसटीतून उतरलो, की आबा स्टँडवर हजर. पोरगा पडला त्या जागेचा निकाल लागला का, एवढंच विचारायचे. मोजणीदार साखळी घेऊन निघालाच असेल, अशा थाटात. मला त्यांच्याबरोबर चालायची भीती वाटायला लागली. ते बोलत असायचे आणि मला वाटायचं, चुलतभाऊ मागून ऐकत येतोय. खोटं कशाला सांगू, मी वळून बघायचोसुद्धा.

शेवटी एकदा त्यांना बसवून समजावलं. ती रेषा म्हणजे सरहद्द नव्हे. लढाई थांबली तेव्हा ज्याच्या ताब्यात जे होतं, त्यावरून ती आखली. नुसत्या ताब्यानं मालकी ठरत नाही. दोन्ही देश हक्क सांगतात, आणि दोघांनी मानल्याशिवाय निकाल देईल असं कोर्ट जगात नाही. आबा मान हलवत होते. मग धीर द्यावा म्हणून मी आणखी बोललो. मेलेल्या सैनिकासाठी हद्द ठरावी लागतच नाही. जमीन कुणाचीही असो, देह ज्याच्या हाती त्यानं तो मानानं ठेवावा, परत द्यायची सोय करावी, असं युद्धाचा कायदाच सांगतो.

आबांची मान हलायची थांबली.

“म्हंजी हद्दीवाचून अडलं न्हाई?”

“नाही, आबा.”

“मंग का देत न्हाईत?”

मी पिशवीतलं कायद्याचं पुस्तक काढून पानं चाळत राहिलो. त्या जाडजूड पुस्तकाचा मला आजही राग येतो.

त्याच आठवड्यात आबांनी पुतळ्याला अग्नी दिला. राख सावडायला आम्ही नदीवर गेलो. अस्थी असण्याचा प्रश्नच नव्हता, नुसतं गवत जळलं होतं. भटजींनी चिमूटभर राख मडक्यात घातली आणि आटोपतं घ्यायला सांगितलं. आबा मात्र गुडघ्यांवर बसून राख चाचपत राहिले. त्यांना कुणी थांबवलं नाही. थोड्या वेळानं मीही शेजारी बसलो आणि शोधू लागलो.